‘घरी न्या’ सांगणाऱ्या सिस्टर

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या करुणा सिस्टरची एक रीत होती. वॉर्डातल्या जुन्या दुखणाईताची चादर ती पायाकडून उचलायची, दोन्ही तळव्यांना हात लावायची आणि जराशी तशीच उभी राहायची. ते गार लागले की नातेवाइकांना बाजूला घेऊन हळूच म्हणायची, “घरी न्या.” लोक समजून जायचे. मरण टळत नसेल तर ते निदान आपल्या उंबऱ्याच्या आत यावं, एवढंच इकडच्या माणसाचं मागणं असतं, आणि दवाखान्यातून वेळेत निघालं नाही तर तेही हुकतं. करुणानं ते कुणाचं हुकू दिलं नव्हतं.

जाणाऱ्याशी ती खोटंही बोलत नसे. ‘बरं वाटेल’ हे शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. “मी जवळ हाये,” एवढंच ती म्हणायची.

मागच्या उन्हाळ्यात शहरातून एक बाई परिचारिकांना आध्यात्मिक बुद्धिमत्ता शिकवायला आल्या. नोकरीची वर्षं वाढतात तशी ही बुद्धीही वाढत जाते, असं त्यांनी पडद्यावर आलेख दाखवून सांगितलं आणि करुणाला उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. नव्यानं लागलेली पुनम सिस्टर तर तिच्याकडे देवाकडे बघावं तशी बघत होती. आता ज्यांनी कधी मरणाऱ्याचा हात धरला नाही, त्यांना अनुभव लोणच्यासारखा वाटतो, जितका जुना तितका मुरलेला. त्या बाईंनी एकदा करुणाला विचारलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती थकली होती. आणि शांत राहू शकायची ती एवढ्याचसाठी, की पलंगावरचा माणूस तिचा कुणी नसायचा.

पावसाळा सरताना त्या पलंगावर तिचा बाप आला.

जळबा हट्टा गावचा. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबला, बायको गेल्यावर एकट्यानं लेकीला वाढवलं, नर्स केलं. आता त्याचं हृदय थकलं होतं, अंगावर सूज चढली होती, दोन शब्द बोलला की धाप लागत होती. डॉक्टरांनी होतं तेवढं सगळं केलं आणि शेवटी म्हणाले, “सिस्टर, तुम्हाला मी वेगळं काय सांगू?”

करुणानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ती उशाशीच घुटमळत राहिली. सलाईन बघ, ऑक्सिजनची नळी सारखी कर, उगाच उशी हलव. पायांकडे मात्र ती फिरकली नाही.

“माय, मला घरी ने,” जळबा म्हणाला.

“नांदेडला नेते, बाबा. तिथं मोठ्या मशिनी हायत. बरं वाटंल तुमाला.”

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं. बापालाही कळलं असावं. 

“लोकायच्या मानसायला घरी धाडती म्हणं तू. मला काहून न्हाई?”

ती पुन्हा नळी सारखी करू लागली. शेजारी उभी असलेली पुनम दबक्या आवाजात म्हणाली, “ताई, एकदा पायाला हात लावा ना.” करुणा तिच्यावर अशी खेकसली की सगळा वॉर्ड गप्प झाला. मग तिनं डॉक्टरांना हात जोडले, नांदेडसाठी चिठ्ठी लिहून घेतली आणि अ‍ॅम्ब्युलन्स दारात लावायला लावली. इतकी वर्षं जे ती लोकांना करू देत नव्हती, तेच सगळं तिनं त्या सकाळी केलं.

वाटेत बाळापूरला बाजार भरला होता. भाजीवाले रस्त्यावर आलेले, त्यात ट्रॅक्टर आडवा. सायरन वाजत होता, पण गाडी तसूभर सरकेना. चालक सटवाजी खाली उतरून लोकांच्या विनवण्या करत होता. आत करुणाचा हात न राहवून चादरीखाली गेला. तळवे थंडगार होते. सकाळीच ते असे असणार. तेव्हाच हट्ट्याला निघाली असती तर आतापर्यंत बाप आपल्या घरात, बुद्धाच्या तसबिरीसमोर, आपल्या माणसांत असता. 

बाहेरचा गलका ऐकून जळबानं डोळे उघडले.

“लय मानसं जमून राहिली,” तो म्हणाला. “हट्टा आलं का गं?”

“आलं, बाबा.”

“अंगण झाडलंय का?”

“झाडलंय.”

त्यानं मान हलवली. मग श्वास एकदा घेतला, आणि पुन्हा घेतला नाही. करुणा त्याच्या कानाशी वाकली. घरी निघालेल्या किती परक्यांच्या कानात तिनं बुद्धाचं त्रिशरण म्हटलं होतं. आज तिला पहिला शब्दही आठवेना. तळवे दोन्ही हातांत धरून ती वेड्यासारखी चोळत राहिली.

तोवर ट्रॅक्टर हलला होता. सटवाजी गाडीत चढला, त्यानं मागं वळून बघितलं आणि सायरन बंद केला. मग विचारलं, “सिस्टर, आता कुठं घेऊ?”

“घरी न्या,” करुणा म्हणाली.