काकूंनी लावलेला क्रॉपस्ला

नेदरलँड्समधल्या झूटरमेरच्या त्या घराची मागची बाग कालव्यापेक्षा खाली होती. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहिलं की बांधाच्या वर पाणी दिसायचं आणि बदकं माझ्या डोक्याच्या उंचीवरून पोहत जायची. माझे घरमालक, दादा आणि वहिनी, यांना त्याची सवय होती. मला ती शेवटपर्यंत झाली नाही. मी त्यांच्या माळ्यावरच्या खोलीत भाड्याने राहायचे आणि डेल्फ्टला शिकायला जायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. वडील गवंडी, आई त्यांच्याच हाताखाली. त्यामुळे इंजिनियर लोकांच्या घरात मी जरा जपून, जिन्याचा आवाज न करता वावरायचे.

वसंतात दादांची आई पुण्याहून आली, व्हिसावर, काही महिन्यांसाठी. मी त्यांना काकू म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "आडनाव काय गं तुझं?" मी सांगितलं. "बरं," म्हणाल्या आणि गॅसकडे वळल्या. त्यानंतर माझा चहाचा कप ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, एकटा उपडा असायचा. वहिनी तो उचलून बाकीच्या कपांत ठेवायच्या. सकाळी तो परत टोकाला.

मग शेजारच्या डच आजोबांनी कुंपणावरून क्रॉपस्लाच्या रोपांचा ट्रे दिला. क्रॉपस्ला म्हणजे लेट्यूसच, पण लोण्यासारख्या मऊ पानांचा, छोट्या कोबीसारखा गड्डा धरणारा. दादा-वहिनी ऑफिसला गेलेले. काकूंनी मला खालून हाक मारली.

"अगं ए, खाली ये जरा. हे म्हातारं काय म्हणतंय बघ."

आजोबा म्हणत होते, रोप खोल लावू नका. वाऱ्यात डुलेल इतकं वर ठेवा. काकूंनी तर सगळी रोपं वांग्याच्या रोपांसारखी गळ्यापर्यंत मातीत दाबून टाकली होती.

"सांग त्याला, लग्न झाल्यापासून रोपं लावतेय मी."

"ते म्हणतात, कुजतील."

"कुजू देत." मग थोड्या वेळाने, हळू आवाजात, "खरंच कुजतील का गं?"

आम्ही दोघींनी ती सगळी उपसून परत लावली. गुडघ्याला गुडघा लागत होता. मातीत बोट घातलं की खालून पाणी यायचं. काकूंनी ते बोट वासाला नाकाशी नेलं. "ही जमीन नव्हेच बाई. समुद्र आहे. वरून गवत पांघरलंय नुसतं." त्या दिवसापासून त्या मला रोज हाक मारू लागल्या. माझा कप बाकीच्यांत केव्हा आला ते मला कळलंही नाही.

त्या परत निघाल्या तेव्हा पानं नुकती आत वळू लागली होती. दादा गाडीत बॅगा ठेवत होते. काकू वाफ्यापाशी उभ्या होत्या. "गड्डा धरला असता तर आपण दोघींनी एका ताटात खाल्लं असतं," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. "एवढं राहिलं माझं."

मी म्हणाले, "पुढच्या वर्षी खाऊ की, काकू."

पुण्याला पोचून आठवडा झाला नसेल, त्या झोपेतच गेल्या. दादा-वहिनी मिळेल त्या विमानाने निघाले. जाताना दादा मला एवढंच म्हणाले, "आईच्या त्या पाल्याला पाणी घाल."

पाणी घालायची गरजच पडली नाही. मी बाहेर जायचे तेव्हा वाफा ओला असायचा. जमीनच तशी, हे मी स्वतःला सांगत होते. पण बाकीच्या बागेतली माती उन्हाने भेगाळली होती. गोगलगायींनी वहिनींची झेंडूची रोपं देठापर्यंत खाल्ली, कोथिंबीर खाल्ली. क्रॉपस्लाच्या ओळीला त्यांनी तोंड लावलं नाही. ओळीच्या अलीकडेच त्यांच्या चकाकत्या रेषा वळून परत जायच्या. आणि गड्डे रोज घट्ट होत होते. पानांवर पानं अशी मिटत होती की कुणीतरी आत तोंड लपवून बसलंय असं वाटावं. मी त्यांच्याकडे फार वेळ बघायचं टाळू लागले.

एका सकाळी आजोबांनी कुंपणावरून हात केला. "तुझी आजी फार लवकर उठते," ते म्हणाले. "काल मी तिला गुड मॉर्निंग म्हटलं. तिने वर पाहिलं नाही."

त्यांना काही माहीत नव्हतं. मला सांगता आलं नाही. "मी होते ती," मी म्हणाले. "त्यांचा स्वेटर घातला होता."

"असं होय," ते म्हणाले, पण ते माझ्या उंचीकडे बघत होते. काकू माझ्या खांद्याला लागायच्या.

काकूंचा राहून गेलेला तपकिरी स्वेटर मागच्या दाराच्या खुंटीवर होता. मी तो कधीच घातला नव्हता. त्या दिवशी मी त्याच्या बाह्या चाचपून पाहिल्या. मनगटाशी त्या ओलसर लागल्या. त्या घरात सगळंच दमट असायचं, हेही खरं आहे.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्या घरातली नाही. आमच्याकडे श्राद्ध नाही, पिंड नाही. धम्मदीक्षेबरोबर माझ्या आजोबांच्या पिढीने ते सोडलं, आणि वडिलांना त्याचा अभिमान आहे. म्हणून दहाव्याच्या सकाळी दादांचा फोन आला तेव्हा सुरुवातीला मला नीट कळेना की ते माझ्याकडे काय मागताहेत.

ते घाटावर होते. मागे माणसांचा गलका. "कावळा शिवत नाहीये," दादा म्हणाले. आवाज बसलेला होता. "झाडावर बसलेत सगळे, खाली कुणी येत नाही. फ्लॅटचं बोललो, आत्याला सांभाळीन म्हणालो, सगळं बोलून झालं. तू बागेत असायचीस तिच्याबरोबर. काही म्हणाली होती का? काही राहिलं होतं का तिचं?"

मला माहीत होतं. आणि मला ते सांगायचं नव्हतं. फोन स्पीकरवर होता, आणि पलीकडे त्यांचं सगळं गोत उभं होतं.

"अगं बोल ना."

"दादा, तसं काही मोठं नाही."

मागून त्यांच्या आत्या म्हणाल्या, "भाडेकरणीला काय विचारतोस रे? तिला काय कळतंय यातलं?"

"आत्या, थांब जरा." मग मला, "मी इथून तसाच उठून कसा जाऊ? सांग."

दादांना मी कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. मी मागचं दार उघडून पायरीवर उभी राहिले. उजाडून बराच वेळ झाला होता, पण एकही पक्षी बोलत नव्हता. मी म्हणाले, "काकूंना क्रॉपस्लाचा गड्डा माझ्याबरोबर खायचा होता. एका ताटात."

"काय खायचं होतं?" एका म्हाताऱ्या आवाजाने विचारलं.

"पाला आहे कसलासा," दुसरं कुणीतरी म्हणालं.

मग आत्या, अगदी हळू; काकू त्यांच्या भावजय. "वहिनी? हिच्याबरोबर? एका ताटात? त्या असं म्हणायच्या नाहीत."

"म्हणाल्या," मी म्हणाले. मी परत म्हणाले, "म्हणाल्या त्या."

दादांनी घसा साफ केला. "आई," ते म्हणाले, आणि आता ते माझ्याशी बोलत नव्हते. "ती आजच खाईल. तुझं पान तिच्याच ताटात—"

वाक्य पुरं झालं नाही. पंखांचा इतका मोठा आवाज आला की मी फोन कानापासून लांब धरला. "शिवला," कुणीतरी ओरडलं, "शिवला!" दादा रडत होते. मग फोन बंद झाला.

मी तिथेच उभी होते. वडिलांना हे कधी सांगता येईल का, असा विचार मनात आला. कावळे कधी ना कधी खाली उतरतातच; भूक सगळ्यांना असते. पण दादांनी शब्द माझ्या नावाने दिला होता. आणि गड्डे अजून थांबले नसते. दोन-तीन गड्ड्यांचा मधला शेंडा वर सरकू लागला होता, तो वाढला की पानं कडू होतात.

मी सुरी आणली आणि ओळीतला सगळ्यात घट्ट गड्डा मातीलगत कापला. देठातून पांढरा चीक आला आणि बोटांवर चिकटला. पानं धुतली. मोठं स्टीलचं ताट घेतलं. मीठ, लिंबू, दाण्याचं कूट. डच लोक घालतात ते काही नाही. ताट पायरीवर ठेवून एका कडेला बसले.

पान तोंडात विरघळायचं, चावावं लागतच नव्हतं. चव गोडसर होती आणि मागे किंचित मातीची. माझ्या अर्ध्यातलं संपलं. ताटावर मी एकटीच होते, दुसऱ्या अर्ध्यात हात घालायला कुणाची आडकाठी नव्हती. हात तिकडे जाईना.

पायरीवर माझ्या शेजारी जागा होती. गार होती. मी तिकडे पाहिलं नाही. ताट हळूच सरकवलं आणि कुणी ऐकणार नाही इतक्या बारीक आवाजात म्हणाले, "घ्या ना, काकू."