दोन कड्या

“लाभ, दोन, तीन, चार…” खळ्यावर धान्य मापावं तसे आमचे सायकलवाले मामा चेनव्हीलचे दात मोजायचे. पहिल्याला एक म्हणायचं नाही. वसमतच्या त्यांच्या टपरीत सायकल कितीही भारीची येवो, आधी पहिल्या दाताला हळदीचं बोट लागायचं, मग पायडल सावकाश फिरायचं. मध्येच कुणी बोललं की पुन्हा लाभापासून सुरुवात. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल, ज्याच्यापुढे घाईवाल्याचं काही चालत नाही.

मी शाळामास्तर. चाळिशीत रेसिंग सायकल घेतली आणि डोक्यात वारं शिरलं. पुढच्या मोठ्या चेनव्हीलला शेचाळीस दात होते. मला पन्नास हवे होते, कारण आमच्या ग्रुपमधल्या डॉक्टरांकडे पन्नास होते.

“सर, दात वाढवले म्हून पायात जोर येत न्हाई,” मामा हसले. तरी पाच नट काढून त्यांनी नवं बसवलं, पुन्हा मोजलं. मग म्हणाले, “आता साखळी आखूड पडून राहिली. अशा बारीक साखळीच्या दोन कड्या नांदेडहून आणतो. तवर मागच्या मोठ्या चक्रावर टाकू नका, अडकंल.”

“नाही टाकणार,” मी म्हणालो.

दुसऱ्याच दिवशी सिद्धेश्वरच्या वाटेवर चढ लागला, डॉक्टर पुढे निघाले आणि मी साखळी मोठ्या चक्रावर टाकली. कडकन आवाज झाला. मागचा गियर तुटून चाकाच्या तारांत अडकला.

“कुणी बसवलं होतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“मामांनी. साखळी आखूडच ठेवली त्यांनी.” यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, म्हणून तर इतकं सहज बोलता आलं.

सायकल टेम्पोत टाकून डॉक्टर मला थेट टपरीवरच घेऊन गेले. “मामा, अशी आखूड साखळी ठेवतात का? सर पडले असते म्हणजे?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी हेल्मेटचा पट्टा सोडवत राहिलो. तो केव्हाच सुटला होता.

“व्हय,” मामा म्हणाले, “माझ्याच हातून राहिलं.”

त्यानंतर ग्रुपमधली एकही सायकल तिकडे गेली नाही. मामा पंक्चर काढत बसले. मी मागच्या गल्लीने जाऊ लागलो. वर्गात मी मुलांना खरं बोलण्यावर निबंध लिहायला देतो, हेही सांगून टाकतो. लाज वाटते.

अशी काही वर्षं गेली. या उन्हाळ्यात मामा वारल्याचं कळलं, तेव्हा टपरीवर गेलो. त्यांची सून टपरी आवरत होती.

“तुमी शाळंतले सर ना? हे तुमचं हाय. मामंजी म्हनायचे, येतील तवा द्या.”

कागदाच्या पुडीत, तारेत ओवलेल्या बारीक कड्या. एवढ्या वर्षांत गंज नव्हता. मामा अधूनमधून त्यांना तेल लावत असणार.

“बराबर हाईत ना?” तिनं विचारलं.

मी मोजल्या. लाभ, दोन.

“त्यांचं बरोबर होतं. चूक माझी होती,” मी म्हणालो. ती पुन्हा टपरी आवरू लागली. डॉक्टरांना मी अजून सांगितलेलं नाही.