कोणता तारा ते दाखवा

दवाखान्याच्या धुलाईघरात फाटक्या चादरी शिवणाऱ्या बाईला सगळे ‘ठिणगी’ म्हणत, तेही तोंडावर. पाठीमागे बोललेलं तिला खपत नसे. तिचा नवरा गोदीत क्रेनला माल लावायचा. क्रेनचा लोखंडी दोर तुटला, माल अंगावर पडला आणि तो जागीच गेला. दोर झिजलाय, हे त्याने साहेबांच्या कानावर कितीदा तरी घातलं होतं.

साहेब घरी भेटायला आले. खुर्चीच्या कडेला टेकून म्हणाले, “देवाची मर्जी, ताई. आता तो तारा होऊन तुमच्याकडे बघतोय.”

“कोणता?”

“म्हणजे?”

“कोणता तारा ते दाखवा. चला गच्चीवर.”

साहेब अर्धा चहा टाकून उठले. सासू म्हणाली, “घरी आलेल्या माणसाशी असं बोलतात का गं?”

“घरी आला म्हणून एवढ्यावर सोडला.”

पुढे जो येई तो मर्जीचंच बोले, आणि हिच्या तळपायाची आग मस्तकात जाई. सासू हात जोडून बसली की ही खोलीतून उठून जायची. देवाशी तिने बोलणंच टाकलं.

धाकटा दीर त्याच दवाखान्यात एक्स-रे काढायचा. मोजकं बोलणारा. त्याला दुर्बिणीचा नाद होता, पण भाऊ गेल्यापासून ती पेटीतच होती. एका संध्याकाळी त्याने ती बाहेर काढली.

“वहिनी, जरा वर या.”

“तारेबिरे दाखवणार असाल तर मी येत नाही, भाऊजी.”

“तारा नाही. शनी आहे.”

“वा. तोच राहिला होता माझ्या मागे लागायचा.”

तरी ती गेली. डोळा लावला. काळ्याभोर पोकळीत फिकट पिवळा, इवलासा गोळा, भोवती कडं. डोळा न काढताच तिने विचारलं,

“हा कशावर टांगलाय?”

“कशावरच नाही. सूर्य त्याला ओढतो आणि तो वेगाने पुढे पळतो. दोन्हींचा मेळ बसलाय.”

“कुणाच्या मर्जीने?”

“मर्जीचं मला कळत नाही, वहिनी. नियम आहे. तो कुणासाठी बदलत नाही.”

“ह्यांच्या अंगावर पडलं, तेही त्याच नियमाने?”

“हो. दोर मात्र माणसांच्या हातात होता.”

ती तिथेच मटकन बसली आणि दात-ओठ खात रडली. एवढ्या मोठ्या आकाशाने तिच्या घराचं वाईट चिंतलं नव्हतं. हात आपोआप जोडले गेले. त्या हातांचाही तिला राग आला. पण तिने ते सोडवले नाहीत.

गोदीतल्या शोकसभेत साहेबांनी पुन्हा देवाची इच्छा काढली. ती उभी राहिली.

“देवाला मध्ये घालू नका. वर एवढे गोळे बिनदोराचे फिरतायत. दोर तुमचा होता, आणि तो झिजलाय हे तुम्हाला माहीत होतं.”

मग मागून एक क्रेनवाला म्हणाला, “खरं आहे.” त्याच्या शेजारचाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी कुणी क्रेनला हात लावला नाही. सगळे दोर बदलले तेव्हाच काम सुरू झालं. साहेबांची खुर्ची मात्र शाबूत राहिली. ते आठवलं की आजही तिच्या सुईखाली चादर चुरगळते.

आता ती रोज दिवेलागणीला गच्चीवर जाते. कधी गप्प बसते, कधी वर बघून चांगली कडाकडा भांडते.

“वर जाऊन मागतेस तरी काय?” सासूने एकदा विचारलं.

“काही नाही. तिथे मला कुणी शांत हो म्हणत नाही.”