आषाढातली रजा

श्रीधर गेल्याचं मला त्याच्या घरच्यांकडून कळलं नाही. बोईसरच्या कापड कारखान्यातला रामसूरत त्याला बघायला मुंबईच्या इस्पितळात गेला होता. परतताना सफाळ्याला उतरून तो थेट माझ्या शाळेत आला. "मास्टरजी, साहब नहीं रहे." हातातला खडू ठेवून मी वर्ग सोडून दिला.

श्रीधर माझा वसतिगृहातला सोबती. तो मुंबईत अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला, मी माकुणसारला राहून मास्तरकी धरली. सत्तरचं दशक सरत असताना तारापूरच्या कारखान्यांत उत्तरेकडची माणसं येऊ लागली आणि हा पठ्ठ्या त्यांच्या मागे लागला. परमुलखातून आलेल्याला मजुरी काय मिळते, तो इथल्या कामात कसा रुजतो, हा त्याच्या संशोधनाचा विषय. फाटकावर कोणी खरं सांगत नाही म्हणून सुट्टीच्या वारी तो त्यांच्या खोलीवर जाऊन जेवायचा आणि मुक्कामाला आमच्याकडे यायचा. रात्री आईकडून बोंबलाचं कालवण मागून घ्यायचा. पोट बिघडलं की दोष मात्र दुपारी त्यांच्याकडे खाल्लेल्या लिट्टीला, त्या निखाऱ्यावर भाजलेल्या सातूच्या गोळ्यांना!

त्याच सुमारास माझ्या धाकट्या भावाला, अनंताला, कारखान्यातून कमी केलं आणि त्याच्या जागी रामसूरतचा गाववाला लागला. मी श्रीधरला बजावलं, "आता लिही, बाहेरचे कमी मजुरीत राबतात म्हणून आमची पोरं घरी बसतात." त्यानं वही काढली आणि ओटीवर अनंतालाच प्रश्न विचारायला बसला. मजुरी दोघांची सारखीच निघाली. फरक एवढाच, की दर आषाढात लावणी आली की अनंता न सांगता पंधरा दिवस घरी. "मंग शेत कोन लावनार, सर?" अनंता म्हणाला. श्रीधरनं तेच लिहून घेतलं. "आमचं खाऊन आमच्यावरच खापर फोडतोस?" मी ओरडलो. तो वही मिटून निघून गेला आणि मी वर्षभर त्याच्याशी अबोला धरला. आज त्याची लाज वाटते.

कारण मी रुसून बसलो तेव्हा हा कारखान्याच्या साहेबांकडे खेटे घालत होता. आषाढात गैरहजर राहणार नाही, या बोलीवर त्यानं अनंताला परत कामावर घ्यायला लावलं. पुढच्या आषाढात सुट्टीच्या वारी बघतो तर रामसूरत आणि चारजणांना घेऊन स्वारी आमच्या बांधावर हजर. "रोपनी तो हम गाँव में भी करते हैं, माताजी," रामसूरत आईला म्हणाला. त्यांचा हात झरझर चालला. श्रीधरनं लावलेला वाफा मात्र आईला उपटून पुन्हा लावावा लागला. मला हसू आवरेना. तो चिखलातूनच म्हणाला, "मास्तर, हसून झालं असेल तर रोपांची मूठ दे." मी धोतर खोचून उतरलो. अबोला असा संपला.

त्यानंतर अनंतानं आषाढात कधी रजा घेतली नाही. यंदा श्रीधरच्या दहाव्याला जायचं म्हणून तो माझ्यासमोर कागद ठेवून बसला. "दादा, अर्ज लिवून दे." आषाढाच्या या दिवसांत सख्खं माणूस गेलं तरच रजा मिळते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"नातं काय लिहू?"

"सख्खंच लिव."

तीस वर्षांच्या मास्तरकीत मी खोटा अर्ज लिहिला नव्हता. मी लिहिलं, 'थोरले बंधू वारले.' अनंताला थोरला भाऊ एकच, आणि तो मी. त्यानं अर्ज दोनदा वाचला.

"बरोबर हाय, दादा," तो म्हणाला.