वैरागडे मैदानात का धावले

फुटबॉल बघायला येऊनही चेंडू कुठे गेला हे ज्याला कधीच माहीत नसायचं, असा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. दिनकर वैरागडे. इथला, कॅनडातला, फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा नव्हे. हेल्मेट आणि जाड पॅड चढवून एकमेकांवर आदळायचा. पोरं आदळली, शिट्टी वाजली की आम्ही सगळे चेंडूमागे माना वळवायचो. वैरागडे मात्र खाली पडलेल्या ढिगाकडे बघत राहायचे. ढिगातला शेवटचा पोरगा उभा राहिला की श्वास सोडून पुटपुटायचे, "उठले. सगळे उठले." मग माझ्याकडे वळून विचारायचे, "काय झालं जी? बॉल आपल्याकडे आहे का?"

ते मूळचे हिंगणघाटचे. वीजकेंद्रांमध्ये इंजिनिअर म्हणून आयुष्य काढलं, मग इकडे मिसिसागात बरीच वर्षं नोकरी, आणि बायको गेल्यावर मुलाकडे, आमच्या या ऑन्टारिओतल्या विद्यापीठाच्या गावात. ठेंगणे, गोल चेहऱ्याचे, उन्हाळ्यातही पायांत मोजे आणि वर सँडल. आणि भित्रे. हे मी त्यांच्यामागे म्हणत नाही, ते स्वतःच सांगायचे. सरकत्या जिन्यावर पाय ठेवण्याआधी थांबून घ्यायचे. पानं पिवळी व्हायच्या आत गाडीला विंटर टायर्स चढलेले असायचे. हायवेवर डाव्या लेनमध्ये कधी गेले नाहीत. "तिथं मरण घाईत असते, भाऊ," म्हणायचे. आमच्यातल्या कानिटकरांनी एकदा चिडवलं, "वैरागडे, एवढं भिऊन जगण्यात काय मजा?" तर म्हणाले, "भीती म्हंजे घरचं कुत्रं आहे. भुंकून राहिलं तर भुंकू द्यावं. कोणीतरी आलं आहे, एवढंच ते सांगते."

ऑगस्टच्या मध्यात विद्यापीठाच्या संघाचा सराव सुरू होतो. पहिला सामना महिनाअखेरच्या शनिवारी. त्या दोन आठवड्यांत आम्ही चार-पाच निवृत्त मराठी माणसं आणि बिल नावाचा एक जुना कॅनेडियन, घडीच्या खुर्च्या घेऊन कुंपणापाशी बसायचो. फ्लास्कमधला चहा, कानिटकरांच्या सुनेचा चिवडा, आणि यंदा काय होणार याचा काथ्याकूट. नवा क्वार्टरबॅक चेंडू लांब फेकतो पण घाबरून लवकर फेकतो. पुढची फळी सगळी नवी. बचावात मात्र नोआ आहे. नोआ होता म्हणूनच कानिटकर छाती ठोकून सांगायचे की यंदा कप आपला.

"नोआ आहे तोवर समोरचा धावून दाखवू दे," कानिटकर म्हणायचे.

"लास्ट यिअर ऑल्सो यू सेड," बिल आमच्यात राहून आमच्यासारख्याच झालेल्या इंग्रजीत म्हणायचा.

"वैरागडे, तुमचा अंदाज काय? किती सामने जिंकणार?"

"मले काय माहीत जी. सगळे आपापल्या पायांनी घरी गेले म्हंजे जिंकलो."

यावर सगळे हसायचे. वैरागडेही हसायचे.

नोआ गावातलाच, शेवटच्या वर्षाचा पोरगा. सरावाला येताना कुंपणाजवळून जाताना हात उंचावून म्हणायचा, "मॉर्निंग, अंकल्स." रोज. आमच्या नातवंडांपेक्षा तोच आमच्याशी जास्त बोलायचा.

या बैठकीचा म्होरक्या मी होतो. कोचकडून परवानगी मी मिळवली होती. अट अशी की फोटो काढायचे नाहीत, आणि कोण लंगडतो, कोण बाहेर बसला, हे बाहेर बोलायचं नाही, कारण समोरचे संघ असल्या बातम्यांवर टपलेले असतात. मी त्यात माझा एक नियम घातला: मैदानातल्या माणसांशी फक्त मी बोलायचं. पाच म्हातारे पाच सूचना द्यायला लागले तर कोच दुसऱ्या दिवशी कुलूप लावेल, ही माझी भीती. सरावाचा वृत्तान्त मी रोज आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकायचो. दीडशे-दोनशे मराठी घरं तो वाचत. लोक देवळात भेटले की विचारत, "सदाभाऊ, यंदा कसं काय?" मला ते आवडायचं.

सरावात एक पद्धत असते. ज्याला दुखापत झाली आहे, ज्याला कुणी धडक द्यायची नाही, त्याला पिवळी जर्सी घालतात. बाकीच्यांची गर्द लाल. वैरागडेंना ही पद्धत फार आवडायची. "माणसालेही पाहिजे अशी," ते एकदा म्हणाले. "बायको गेली त्या वर्षी मी पिवळी घालून फिरलो असतो."

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. सरावाच्या दुसऱ्या आठवड्यात नोआ आणि एक आडदांड नवा पोरगा समोरासमोर आदळले. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. हातगाडीवरून लाकडी खोकं खाली पडावं तसा. नोआ उठला. लगेच उठला, टाळी वाजवली. आम्हीही वाजवली. पुढच्या खेळीसाठी पोरं रांगेत उभी राहिली. वैरागडेंनी माझं मनगट धरलं.

"भाऊ, तो पोरगा चुकून राहिला."

"कोण?"

"नोआ. तो पाहा ना, दुसऱ्यांच्या रांगेत उभा झाला."

खरंच, नोआ समोरच्या बाजूला उभा होता. कुणीतरी त्याला हसत ढकलून जागेवर आणलं. मग त्याने हेल्मेटवर तळहात दाबला, पाण्याची बाटली तोंडाऐवजी गालाला लावली आणि पुन्हा खेळायला लागला. मी हे सगळं पाहिलं. वैरागडेंनी दाखवलं म्हणून पाहिलं, पण पाहिलं.

"डोक्याले लागलं आहे त्याच्या. तुम्ही जाऊन सांगा. तुमचाच नियम आहे ना, तुम्हीच बोलायचं."

सराव संपत आला होता. मी उठलो आणि फाटकातून आत गेलो. दुखापती बघणारी मेगन नावाची मुलगी कुणाच्या तरी घोट्याला पट्टी बांधत होती. तिच्यापर्यंत पोहोचण्याआधी कोच समोर आला. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "नोआ छान दिसतोय, नाही?"

मी म्हणालो, "फारच छान."

एवढंच. मी डॉक्टर नाही. कोच काय म्हणेल, कुलूप लागेल, पहिल्या शनिवारी नोआ नसेल, हे सगळं त्या क्षणी एकदम डोक्यात आलं आणि जीभ आपोआप वळली. मी परत आलो. वैरागडे उभेच होते.

"सांगितलं?"

"सांगितलं."

"मग उद्या पिवळी घालतील." त्यांनी श्वास सोडला, ढीग उठल्यावर सोडायचे तसा. जाताना मला म्हणाले, "तुम्ही होते म्हणून झालं. मी तर फाटकापर्यंतही गेलो नसतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम लवकर जाऊन बसलो. वाटत होतं, मेगनने स्वतःच काही पाहिलं असेल. नोआच घरी राहिला असेल. पोरं एकेक करून कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर यायला लागली. पिवळी जर्सी घातलेले दोघे आले. तिसरा आला. त्यांत नोआ नव्हता. वैरागडे खुर्चीच्या कडेवर बसून दाराकडे बघत होते. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

नोआ शेवटी आला. लाल जर्सीत. हात उंचावला नाही. आमच्या अगदी जवळून गेला आणि आमच्याकडे त्याने पाहिलंच नाही.

वैरागडेंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. सरकत्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याआधी ते बघायचे, तसं.

मी म्हणालो, "त्यांनी तपासलं असेल."

ते परत मैदानाकडे वळले. मैदानात दोघं दोघं समोरासमोर धडक द्यायचा सराव सुरू झाला. रांग पुढे सरकत होती. नोआच्या पुढे चार जण, मग तीन.  मला ओरडता आलं असतं. माझं नाव कोचला माहीत होतं. मी खुर्चीचे दांडे धरून बसलो होतो. आणि शेजारची खुर्ची एकदम हलकी होऊन मागे कलंडली.

वैरागडे फाटकातून आत शिरले होते. त्यांना कधी धावताना मी पाहिलं नव्हतं. मोजे, सँडल, हातात अजून चहाचा कप. समोरचा आडदांड पोरगा धडकेसाठी वाकला होता. तो सुटला असता तर वैरागडे राहिले नसते, हे मला दिसत होतं. शिट्टी वाजली की नाही आठवत नाही. वैरागडे नोआच्या पुढ्यात गेले आणि त्याला मिठी मारली. त्यांचं डोकं जेमतेम त्याच्या छातीपर्यंत पोहोचत होतं. "नो. नो. ही विल नॉट प्ले," म्हणत होते, आणि मग मराठीत, "लेकरा, बस खाली. बस."

कुंपणापलीकडून हशा आला. कानिटकर ओरडले, "अहो, यांना आवरा कुणीतरी." सिक्युरिटीचा माणूस धावला. कोचने मला हात करून बोलावलं, तुमच्या माणसाला घेऊन जा म्हणून. त्यामुळे पुढचं जे झालं ते कुंपणापाशी बसलेल्यांपैकी फक्त मी जवळून पाहिलं आणि ऐकलं.

नोआ आधी हसला. मग खरंच खाली बसला, लहान मूल बसतं तसा. मेगनने गुडघ्यांवर बसून त्याला विचारलं, शनिवारी सामना कुणाशी आहे. त्याने गेल्या वर्षी पहिला सामना ज्यांच्याशी झाला त्या संघाचं नाव सांगितलं. तिने पुन्हा विचारलं. तेच नाव.  तिने त्याचं हेल्मेट दोन्ही हातांनी, अंड्यासारखं, हळूच काढलं.

नोआ त्या वर्षी एकही सामना खेळला नाही. डॉक्टरांनी त्याच्या आईला सांगितलं की आणखी एक धडक बसली असती तर काय झालं असतं ते सांगता येत नाही. हे मला मेगनने नंतर सांगितलं, आणि कुणाला न सांगण्याच्या बोलीवर. संघाने नेहमीप्रमाणे कारण जाहीर केलं नाही. लोकांना कळलं एवढंच, की एक म्हातारा मैदानात घुसला, त्या दिवसापासून आम्हा सगळ्यांना फाटक बंद झालं, आणि नोआशिवाय संघ हरत गेला.

ग्रुपवर शिव्याशाप सुरू झाले. कानिटकरांनी लिहिलं, "एका माणसाच्या वेडापायी सगळ्यांना शिक्षा." लोक माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी लिहिलं, "वैरागडेंची तब्येत अलीकडे बरी नाही. कृपया समजून घ्यावं."

मेगनला दिलेला शब्द मोडायची गरज नव्हती. मी काय केलं नाही, एवढं लिहिलं असतं तरी पुरे होतं. उलट ते वाक्य लिहिताना मला वाटलं की मी मोठेपणाने त्यांना वाचवतो आहे. त्या वाक्याने काय केलं ते सांगतो. त्यांच्या मुलाने ते वाचलं. त्याने घाबरून वडिलांना डॉक्टरकडे नेलं. तिथे स्मृतिभ्रंशाच्या चाचणीसाठी त्यांना घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. ते सगळं त्यांनी बरोबर केलं, तरी गाडीची किल्ली गेली. सून घराबाहेर पडताना गॅस बंद आहे ना ते दोनदा बघायला लागली. गणपतीच्या कार्यक्रमात लोक त्यांच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायचे. ते हसून मान हलवायचे. लोकांनी आपल्याला वेडं समजावं, आयुष्यभर त्यांनी जिची भीती बाळगली नव्हती अशी ती एकच गोष्ट असावी, आणि तीच मी त्यांच्या अंगावर सोडली.

पुढच्या ऑगस्टमध्ये मीच त्यांना घ्यायला गेलो. विद्यापीठाच्या पार्किंगच्या वरच्या मजल्यावरून मैदान दिसतं. तिथे आम्ही दोघेच दोन खुर्च्या टाकून बसायचो. त्यानंतरच्या दोन ऑगस्टमध्येही. खाली पोरं आदळायची, तेवढ्या लांबूनही आवाज यायचा, आणि वैरागडे ढिगाकडे बघत बसायचे. नोआ आता एका शाळेत शिकवतो, हे त्यांनीच मला सांगितलं. तो त्यांना अधूनमधून फोन करायचा. मला नाही.

एकदा धीर करून मी म्हणालो, "वैरागडे, मी त्या दिवशी मेगनला सांगितलं नव्हतं."

"हाव. माहीत आहे. लाल जर्सीत आला तेव्हाच समजलं."

"मग बोलला का नाहीत कुणाला? मुलाला तरी सांगायचं. तुमची गाडी गेली, लोक तुम्हाला..."

त्यांचं लक्ष खाली होतं. एक ढीग पडला, उठला.

"सांगितलं असतं तर तुम्ही इथं आले असते का बसाले?" ते म्हणाले. "मले एकट्याले पाहाची भीती वाटते, भाऊ."

मी तेव्हाही कुणाला काही सांगितलं नाही. गेल्या हिवाळ्यात झोपेतच त्यांचं हृदय थांबलं. अंत्यसंस्काराच्या वेळी कानिटकर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सुटले बिचारे. डोकं आधीच गेलं होतं." मी मान हलवली.

यंदा नवा कोच आला आहे. फाटक पुन्हा उघडणार आहे, आणि ग्रुपवर सगळे विचारत आहेत, सदाभाऊ, संघ कसा वाटतो, लिहा. त्याऐवजी हे लिहिलं. वैरागडेंचं डोकं शेवटपर्यंत ठिकाणावर होतं. ते मैदानात धावले कारण मी गेलो नाही. उद्या सकाळी सराव आहे. हे आज ग्रुपवर टाकतो आहे. ते वाचल्यावर माझ्या शेजारी कुणी खुर्ची टाकेल की नाही, मला माहीत नाही, आणि त्या आवाजासमोर एकट्याने बसायची मलाही भीती वाटते.