पेढे आणायला धारवाडला

त्या दिवशी धारवाडजवळच्या उणकलच्या आमच्या घरात कोण कोण होतं ते आधी सांगते. माझा मुलगा, त्याचं कापडाचं दुकान. सून, शाळेत शिकवते. धाकटे दीर, वकील. मी, दुसरी शिकलेली. आणि आतल्या खोलीत कडी लावून बसलेला माझा नातू, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा.

सकाळी त्याच्या बॅगेत गांजाची पुडी मिळाली होती. त्याआधी डोळे लाल दिसले की सून म्हणायची, मोबाईल. सांगितलेलं विसरला की मुलगा म्हणायचा, आजोबांवर गेलाय. पुढं तो खिडक्या लावून घ्यायला लागला, रस्त्यावरचे लोक माझ्याबद्दलच बोलतात म्हणायला लागला. तेव्हा मी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. मोहऱ्या तडतडल्या, पोर तसंच.

दीर म्हणाले, "वहिनी, झाडपाला आहे तो. साधूसुद्धा ओढतात."

"साधूंना परीक्षा नसते, भाऊजी."

सून म्हणाली, डॉक्टरला दाखवू. डॉक्टर कुठं, तर धारवाडला. आमच्याकडं 'ह्याला धारवाडला न्या' म्हटलं की शेंबडं पोरही हसतं, वेड्यांचा दवाखाना तिथला ना!

मुलगा म्हणाला, "आई, उद्या ह्याला मुलगी कोण देईल?"

"आधी पोरगा राहतो का बघ की!"

शेवटी वकिलांनी तोड काढली. गल्लीत कुणी विचारलं तर पेढे आणायला चाललोय म्हणून सांगायचं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई त्याच्याशी नीट बोलल्या. ह्या वयात मेंदू अजून घडत असतो, म्हणाल्या. गांजानं आठवण जाते, अभ्यासातलं मन उडतं, काहींना असे भास आणि संशय सुरू होतात. झाडाचा आहे म्हणून निर्धोक नाही. सुटतो, पण येत राहायला पाहिजे. नवरा गेला तेव्हा मी लोकांची भांडी घासत होते, रडायला फुरसत नव्हती. दवाखान्यातल्या बाकावर फुरसत होती, पण नातू बघत होता.

आता धारवाडहून रिकाम्या हातानं कसं यायचं? दर खेपेला पेढे, आणि आणले की गल्लीत वाटायचे. गल्लीनं ठरवून टाकलं, ह्यांच्या नातवाचं लग्न जमलं. एकजण तर नारळ घेऊन आली. मुलगा खूश. म्हणाला, "राहू दे की आई, मान वाढतोय."

पण नातू म्हणाला, "माझी लाज वाटते म्हणून पेढे वाटता. मी नाही येत आता." आणि परत कडी लावली.

त्याच दिवशी शेजारची कानडी अक्का आली. "एनरी अज्जी, काय विशेष? सारखे पेढे! मुलगी धारवाडची का?"

सून आतून डोळे वटारत होती. मी नातवाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, "मुलगी कसली अक्का! गांजा ओढायचा. दवाखान्यात नेतो. आमचा पोरगा आहे, लाज कसली?"

अक्कानं तोंडातला पेढा कसाबसा गिळला. मला वाटलं, आता गल्लीभर दवंडी. पण ती जवळ सरकून हळूच म्हणाली, "डॉक्टर कुठल्या वारी बसतात हो? आमचा धाकटा..."

आतली कडी निघाली. नातू दारात येऊन म्हणाला, "गुरुवारी, अक्का. मी पण जाणारच आहे."

त्या गुरुवारी बसमध्ये आम्ही चौघं होतो. तिचा धाकटा खिडकीकडं तोंड करून बसला होता, माझा त्याला काहीतरी सांगत होता. येताना पेढ्याचं कुणालाच सुचलं नाही. नातू अजून जातो. बरा आहे, पुरा नाही.

हे वाचणाऱ्याला एवढंच सांगणं आहे: तुमचं पोर असं कडी लावून बसायला लागलं तर त्याच्याशी बोला, आणि त्याला उजळ माथ्यानं डॉक्टरकडं न्या. कुणी विचारलं तर खरं सांगा.