आमसुली पट्टी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. हडपसरच्या एका कंपनीत शिकाऊ म्हणून लागलो होतो. मला कायम करायचं की परत गावी पाठवायचं, ते शुक्रवारी ठरणार होतं. त्याआधी माझ्याकडे एकच काम होतं: सुट्टीचे अर्ज, सूचना, फोन नंबर जिथे बघायचे, त्या कंपनीच्या आतल्या वेबसाइटचं रूप बदलणं. साइट विकत घेतलेली. तिच्या कोडला हात लावायचा नाही, फक्त रंग आणि अक्षरं ठरवणारी आपली वेगळी फाइल, म्हणजे स्टाइलशीट, तिला जोडायची.

"वरची पट्टी आमसुली करा," माझं काम बघणाऱ्या मॅडम म्हणाल्या. पेठेत वाढलेल्या, मोजकं बोलणाऱ्या.

मी "हो" म्हणालो. आमसुली म्हणजे कसा, हे विचारायची हिंमत झाली नाही. आमच्या वऱ्हाडातल्या घरी वरणात चिंच पडायची. आम म्हणजे आंबा, एवढं मला कळत होतं.

पण पट्टी निळीच राहिली. मी रंग लिहायचो, पान पुन्हा उघडायचो, निळीच. विश्रांतवाडीच्या खोलीकडे जाताना बसमध्ये मी वडिलांना सांगायची वाक्यं जुळवत बसायचो. एकही पुरं होईना. गुरुवारी कळलं, की साइटची मूळ स्टाइलशीट माझ्या फाइलनंतर वाचली जाते, आणि या कारभारात शेवटी बोलेल त्याचं खरं. मी क्रम बदलला. पट्टी पिवळीधमक झाली. मला रडूच आलं.

सकाळी सगळ्या ऑफिसने ती पाहिली.

"अहो, हे काय? रसाच्या जेवणाचं आमंत्रण आहे का?" मॅडमनी विचारलं. सगळे हसले.

"आपण आमसुली म्हणाला होतात..."

"आमसुली. आमरसी नव्हे. आमसूल पाहिलंय का कधी?"

"नाही, मॅडम."

हसणं थांबलं. ते मला हसण्यापेक्षा जड गेलं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी आपल्या आमटीतून एक काळपट लाल साल चमच्याने काढली आणि डब्याच्या झाकणावर ठेवून माझ्यापुढे सरकवली. "हा रंग. झाकण धुऊन आणा."

ते स्क्रीनशेजारी ठेवून मी रंग जुळवत बसलो. दुपारी मोठे साहेब येऊन पाहून गेले. "बरं दिसतंय," ते म्हणाले. मग मॅडमकडे वळून, "यांचं पुढच्या महिन्यात बघू." मी तिथेच उभा होतो.

संध्याकाळी एसटीडी बूथवरून गावच्या दुकानात फोन लावला. वडील तिथे वाटच पाहत होते.

"पक्का झाला का रे?"

"रंग जमला, बाबा. साहेबांना आवडला."

"कोनाचा रंग? तू पक्का झाला का, थे सांग."

बाहेरचा माणूस काचेवर टिचक्या मारत होता. मी "होईन" म्हणालो, आणि ते पुढचं काही विचारायच्या आत रिसीव्हर ठेवला.